गाडीची पॉवर विंडो बिघडल्यास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात जूनमधला पहिला मोठा पाऊस झाला की पॉवर विंडोविषयीचे प्रश्न एकदम वाढतात. उन्हाळाभर ए.सी. लावून, काचा बंद ठेवून गाडी फिरवलेली असते. मग एखाद्या दिवशी पार्किंगची पावती घेण्यासाठी काच खाली केली जाते आणि ती वर येत नाही. पुढील प्रश्न गाडीमालकांनी मला पुन्हा पुन्हा विचारलेले आहेत. सर्व उत्तरांमागे माझा एकच आग्रह आहे : कोणताही भाग बदलण्यापूर्वी बिघाड नेमका कुठे आहे ते शोधावे, कारण 'मोटर गेली' म्हणून दारातून काढून टाकलेल्या मोटरींपैकी कित्येक पूर्णपणे चांगल्या असतात.

१. पॉवर विंडोमध्ये कोणते भाग असतात आणि काच वर-खाली नेमकी कशी होते?

दाराच्या आत एक लहान डी.सी. मोटर असते. तिच्या दांड्यावर मळसूत्रासारखे आटे असतात आणि ते एका दातेरी चाकाला फिरवतात. हे चाक पुढे रेग्युलेटरला, म्हणजे प्रत्यक्ष काच उचलणाऱ्या यंत्रणेला, गती देते. आपल्याकडच्या गॅरेजांत रेग्युलेटरलाच 'काचेची मशीन' म्हणण्याची पद्धत आहे. त्यामुळे 'मशीन गेली आहे' असे कोणी सांगितले, तर त्याला रेग्युलेटर म्हणायचे आहे, मोटर म्हणायची आहे की दोन्ही मिळून म्हणायचे आहे, हे आधी विचारून घ्यावे.

रेग्युलेटर प्रामुख्याने दोन प्रकारचे असतात. पहिल्यात पोलादी केबल एका रिळावर गुंडाळली जाते आणि रुळावरून सरकणाऱ्या प्लॅस्टिकच्या तुकड्यासह काच वर-खाली ओढते. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत हाच प्रकार आढळतो. दुसऱ्यात कात्रीसारखे लोखंडी हात असतात आणि काचेचे वजन पेलण्यासाठी त्यांना अनेकदा जाड स्प्रिंग जोडलेली असते.

साध्या मोटरला दोनच तारा असतात. एकीला बॅटरीचे १२ व्होल्ट आणि दुसरीला अर्थ (म्हणजे गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या ऋण टोकाकडे परतीचा मार्ग) मिळाला की काच चढते. बटणाने हीच जोडणी उलट केली की काच उतरते. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मळसूत्री आट्यांमुळे मोटर चाकाला फिरवू शकते, पण चाक मोटरला फिरवू शकत नाही, आणि म्हणूनच चांगल्या स्थितीतली काच हाताने दाबून खाली जात नाही. निदान करताना हा गुणधर्म फार उपयोगी पडतो.

२. बटण दाबले तरी काच हलत नाही. सर्वांत आधी काय पाहावे?

आधी ड्रायव्हरच्या दारावरचे लॉकचे बटण पाहावे. लहान मुलांनी काचा खाली-वर करू नयेत म्हणून दिलेले हे बटण गाडी पुसताना सहज दाबले जाते आणि मग बाकीच्या दारांवरची बटणे काम करत नाहीत. केवळ एवढ्यासाठी गाडी गॅरेजपर्यंत आणलेली मी पाहिली आहे.

त्यानंतरचे काम कानाचे आहे. इंजिन बंद, इग्निशन चालू, पंखा आणि म्युझिक बंद, अशा शांततेत दाराला कान लावून बटण दोन्ही दिशांनी दाबावे. मोटर फिरल्याचा स्पष्ट आवाज येत असेल आणि काच हलत नसेल, तर वीज आणि मोटर दोन्ही ठीक असून दोष रेग्युलेटरमध्ये आहे (प्रश्न ६). नुसता 'टक' किंवा दबलेला घुमणारा आवाज येत असेल, तर वीज पोहोचते आहे, पण मोटर किंवा काच जाम झाली आहे (प्रश्न ७). काहीच आवाज नसेल, तर फ्यूज, स्विच, तार, अर्थ आणि शेवटी मोटर, या क्रमाने जावे.

कानाला खात्री वाटत नसेल, तर डोळ्यांची मदत घेता येते. तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडीतला छताचा दिवा लावून बटण दाबावे. दिवा किंचित मंदावला, तर मोटर वीज खेचते आहे. जराही फरक पडला नाही, तर मोटरमधून वीज वाहतच नाही. मात्र एल.ई.डी. दिव्यांत ही खूण नीट दिसत नाही, जुन्या पिवळ्या बल्बमध्ये ती स्वच्छ दिसते.

३. फ्यूज कुठे असतो? तो उडत असेल तर जास्त अँपिअरचा घालावा का?

बहुतेक गाड्यांत एक फ्यूजपेटी ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी डॅशबोर्डखाली आणि दुसरी बॉनेटखाली असते. पॉवर विंडोचा फ्यूज कोणता, हे झाकणाच्या आतल्या आकृतीत किंवा गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते आणि तो साधारण २० ते ३० अँपिअरचा असतो. तो उपसून उजेडात धरावा. आतली पट्टी तुटलेली असेल, तर त्याच अँपिअरचा नवा बसवावा.

जास्त अँपिअरचा फ्यूज कधीही घालू नये. फ्यूज मोटरपेक्षाही तारेच्या संरक्षणासाठी असतो, आणि तो मोठा केला की दाराच्या सांध्यातली बारीक तार आधी तापते. तिथून आग लागण्याचा धोका खरा आहे. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल, तर कुठेतरी तार पत्र्याला टेकते आहे किंवा मोटर जाम आहे, असेच समजावे.

चारही काचा एकाच वेळी बंद पडल्या आणि फ्यूज शाबूत असेल, तर रिले (विजेने चालणारा स्विच) आणि मेन स्विचची, म्हणजे ड्रायव्हरच्या दारावरच्या सर्व काचांच्या बटणांच्या संचाची, अर्थ तार तपासावी. चार मोटरी एकाच दिवशी जळत नाहीत.

४. मागची डावी काच तिच्या स्वतःच्या बटणानेही चालत नाही आणि ड्रायव्हरच्या बटणानेही नाही. मग मोटरच गेली असणार ना?

तसे ठामपणे म्हणता येत नाही, आणि सर्वाधिक पैसे याच गैरसमजापायी वाया जातात. ज्या गाड्यांत काचांसाठी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल (काचा नियंत्रित करणारे सर्किट) नाही, त्यांतल्या बऱ्याच गाड्यांमध्ये मागच्या मोटरला मिळणारा अर्थ ड्रायव्हरच्या मेन स्विचमधून फिरून येतो. बटण न दाबलेल्या अवस्थेत मोटरच्या दोन्ही तारा मेन स्विचच्या आत अर्थला टेकलेल्या असतात. मागच्या प्रवाशाने त्याचे बटण दाबले की एका तारेला १२ व्होल्ट मिळतात, पण दुसऱ्या तारेचा परतीचा मार्ग मेन स्विचमधूनच जातो. मेन स्विचमधला तो एक बारीक संपर्क काळवंडला, तर मागचे बटण चांगले, मोटर चांगली, आणि तरीही काच निश्चल, अशी स्थिती होते.

म्हणून बटणांच्या वागण्यावरून असा अंदाज बांधावा. काच स्वतःच्या बटणाने चालते पण ड्रायव्हरच्या बटणाने नाही : दोष बहुधा मेन स्विचमध्ये. ड्रायव्हरच्या बटणाने चालते पण स्वतःच्या बटणाने नाही : आधी लॉकचे बटण, मग त्या दारावरचा स्विच. दोन्हींनी चालत नाही : मोटर, मोटरपर्यंतची तार किंवा मेन स्विचमधला अर्थ, आणि यांतले काय ते प्रश्न ५ मधल्या चाचणीशिवाय ठरवू नये. एकाच दिशेने चालते, म्हणजे उतरते पण चढत नाही : मोटर दोन्ही दिशांना तीच असल्यामुळे संशय आधी स्विचवर घ्यावा, फक्त चढताना कण्हत थांबत असेल, तर मात्र रबर चॅनेलचे, म्हणजे काच ज्यातून सरकते त्या रबरी खाचेचे, घर्षण पाहावे.

५. मोटर चांगली आहे की नाही, हे खात्रीने कसे ठरवायचे?

डोअर पॅड, म्हणजे दाराचे आतले आवरण, काढून (कसे, ते प्रश्न ८ मध्ये आहे) मोटरचा कपलर (तारांचा जोड) सोडवावा आणि तारांच्या बाजूच्या कपलरच्या दोन पिनांमध्ये टेस्ट लॅम्प (दोन तारा जोडलेला बल्ब) लावून बटण दाबावे. दिवा दोन्ही दिशांना झगझगीत पेटला, तर वायरिंग ठीक असून मोटर दोषी आहे. दिवा पेटत नसेल किंवा मिणमिणत असेल, तर मोटरला हात लावण्याचे कारण नाही. मागे स्विचच्या दिशेने जावे.

येथे मी मल्टीमीटरपेक्षा बल्बचा टेस्ट लॅम्प पसंत करतो. तार आतून जवळजवळ तुटली असेल आणि तिचा एखादाच धागा जोडलेला असेल, तरी मल्टीमीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण तो वीज जवळपास खेचतच नाही. बल्ब वीज खेचतो, त्यामुळे कमजोर तार लगेच उघडी पडते. मल्टीमीटर वापरायचाच असेल, तर कपलर जोडलेला ठेवून, बटण दाबलेले असताना मागून मोजमाप घ्यावे. त्या वेळी बॅटरीवर १२.५ आणि मोटरवर ९ किंवा १० व्होल्ट दिसत असतील, तर मधले व्होल्ट तारेत किंवा स्विचमध्ये हरवत आहेत.

मोटरला बॅटरीवरून थेट वीज देऊनही पाहता येते. मधे फ्यूज असलेल्या दोन तारा घ्याव्यात, क्षणभर जोडाव्यात, मग उलट्या जोडाव्यात. काच मधेच असेल, तर बोटे आणि हत्यारे दूर ठेवावीत. ही चाचणी फक्त दोन पिनांच्या मोटरवरच करावी. ज्या मोटरच्या कपलरला चार, सहा किंवा अधिक पिना आहेत, तिच्यात इलेक्ट्रॉनिक सर्किट असू शकते आणि चुकीच्या पिनेवर १२ व्होल्ट दिले की ते जळते. अशा गाडीला स्कॅनर (इलेक्ट्रॉनिक यंत्रणेतले दोष वाचणारे उपकरण) लावणेच योग्य.

एक अपवाद ध्यानात ठेवावा. मुलांनी काच सलग खाली-वर केली, तर मोटरमधले तापसंरक्षण वीज तोडते. काही मिनिटे थांबल्यावर मोटर आपोआप सुरू होते आणि तो बिघाड नसतो.

६. मोटरचा आवाज येतो, पण काच एकदम दारात पडली. असे का झाले?

केबल तुटली आहे, केबल रिळावरून उतरली आहे, किंवा काच धरून ठेवणारा प्लॅस्टिकचा तुकडा फुटला आहे. पडण्यापूर्वी काही दिवस काच चढताना 'कटकट' आवाज करत होती किंवा एका बाजूला कलून चढत होती, असे बहुतेकांना नंतर आठवते. खात्री करायची असेल, तर दोन्ही तळहातांनी काच पकडून हलकेच खाली-वर करून पाहावे. ती सहज हलली, तर काच आणि मोटर यांतला दुवा तुटला आहे, कारण तो शाबूत असता तर मळसूत्री आट्यांनी काच अडवून धरली असती.

केवळ प्लॅस्टिकचा तुकडा फुटला असेल आणि केबल गुळगुळीत असेल, तर तेवढा तुकडा बदलून चालते. केबलचे धागे एकदा सुटू लागले असतील, तर गाठ मारून किंवा क्लिप लावून केलेली दुरुस्ती टिकत नाही. ते धागे रीळ खातात आणि काही आठवड्यांत तेच दार पुन्हा उघडावे लागते. अशा वेळी पूर्ण रेग्युलेटर बदलावा. मोटर वेगळी होत असेल आणि चांगली असेल, तर जुनीच मोटर नव्या रेग्युलेटरवर लावण्यास काहीही हरकत नाही, आणि तसे करण्याचा आग्रह ग्राहकाने धरावा.

७. काच फार हळू चढते आणि मधेच थांबते. मोटर कमजोर झाली का?

तुलना करावी. त्याच गाडीतल्या पलीकडच्या बाजूच्या दाराची काच किती वेळात चढते ते मोबाइलवर मोजावे आणि इंजिन चालू ठेवून पुन्हा मोजावे. इंजिन चालू असताना दोन्ही काचा झपाट्याने चढत असतील, तर दोष बॅटरीत आहे. एकच काच रेंगाळत असेल, तर तिच्या बाजूच्या रबर चॅनेलमध्ये बोट फिरवून पाहावे. मेट्रो, उड्डाणपूल आणि इमारतींची बांधकामे जिथे सतत चालू असतात, त्या भागांत रोज उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या चॅनेलमध्ये बारीक धूळ साचून पहिल्या पावसात तिचा चिकट लगदा होतो, आणि मोटर त्या लगद्याशी झगडत राहते.

ओल्या कपड्याची पट्टी पातळ पट्टीवर गुंडाळून चॅनेल आतून पुसावे, पूर्ण वाळू द्यावे आणि मग सिलिकॉन स्प्रे मारावा. काच दोन-तीनदा खाली-वर करून उतरलेला मळ पुसून घ्यावा. एवढ्याने 'कमजोर' मोटर बरी झाल्याचे मी अनेकदा पाहिले आहे.

रबराला खोबरेल तेल लावण्याची सवय आपल्याकडे बरीच आहे, ती सोडावी. तेलावर धूळ चिकटते, आणि खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली गोठत असल्याने पुण्याच्या डिसेंबरमधल्या सकाळी तेच तेल काच अडवते. ग्रीस आणि गंज सोडवणारे खनिज तेलाचे स्प्रेही रबरासाठी नाहीत. ग्रीस फक्त रेग्युलेटरच्या लोखंडी रुळावर, तेही पातळ थरात लावावे.

चॅनेल स्वच्छ असूनही काच रेंगाळत असेल, बटण दाबून दारावर आतून थाप मारल्यावर मोटर अचानक सुरू होत असेल, तर मोटरमधले कार्बन ब्रश (फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे तुकडे) झिजले आहेत आणि मोटर खरोखरच बदलण्याच्या बेतात आहे.

८. डोअर पॅड घरी काढता येईल का? कोणते धोके आहेत?

साध्या गाडीत येते. स्टार स्क्रूड्रायव्हर, १० मि.मी.चा पाना, प्लॅस्टिकची पट्टी आणि धीर, एवढे पुरते. हात धरण्याच्या खाचेत, लॉकच्या हँडलमागे आणि आरशाजवळच्या तिकोनी झाकणाखाली स्क्रू लपवलेले असतात. ते सर्व निघाल्याशिवाय पॅड ओढू नये. मग खालच्या कोपऱ्यापासून एकेक क्लिप सोडवत वर यावे, पॅड वर उचलून बाहेर घ्यावे आणि स्विच व स्पीकरचे कपलर सोडवावेत. पाच-सहा नव्या क्लिप आधीच आणून ठेवाव्यात, कारण जुन्यांपैकी काही तुटणारच, आणि तुटक्या क्लिपांवर बसवलेले पॅड पुढे वर्षभर खडखडते.

तीन धोके गंभीर आहेत. पहिला, कात्रीच्या प्रकारातल्या रेग्युलेटरवरून मोटर सोडवताना ताणलेली स्प्रिंग रेग्युलेटरचे लोखंडी हात झटक्यात फिरवते आणि बोट तुटू शकते. लोखंडी हात पक्के बांधल्याशिवाय त्या मोटरचे बोल्ट सोडवू नयेत. दुसरा, रेग्युलेटर काढण्यापूर्वी काच वर सरकवून दाराच्या चौकटीवर दोन ठिकाणी पक्क्या चिकटपट्टीने बांधावी. बाजूची काच टफन्ड असते. ती सपाट बाजूने मजबूत, पण कडेवर पान्याचा एक ठोका बसला तरी तिचा चुरा होतो. तिसरा, काही गाड्यांत बाजूच्या एअरबॅगसाठी दाराच्या पोकळीतला दाब ओळखणारा सेन्सर असतो. तिथे बॅटरीची ऋण तार सोडवून, पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबूनच काम सुरू करावे.

पॅडमागे चिकटवलेला प्लॅस्टिकचा पडदा फाडून फेकून देणारे कारागीर भेटतात. त्यांना थांबवावे. काचेच्या फटीतून दारात उतरणारे पाणी गाडीच्या आत येऊ नये म्हणून तो पडदा असतो. तो नसेल, तर पहिल्याच पावसात गालिचा ओला होतो, आणि वर सांगितलेला दाबाचा सेन्सर असलेल्या गाडीत त्याचे मोजमापही बिघडू शकते.

९. दार अर्धे उघडे असताना काच चालते, बंद केले की चालत नाही. हे कसे शक्य आहे?

दार आणि गाडीचा खांब यांच्यामधल्या रबरी नळीतली तार तुटली आहे. दार उघडले-मिटले की ती नळी वाकते, आणि हजारो वेळा वाकून तारेचे तांबे आतून तुटते. वरचे आवरण मात्र शाबूत दिसते. दाराच्या एका कोनात तुटलेली टोके टेकतात आणि दुसऱ्या कोनात सुटतात. ड्रायव्हरचे दार सर्वाधिक वेळा उघडत असल्यामुळे तिथेच हे आधी होते, आणि बाकीच्या दारांच्या तारा मेन स्विचसाठी तिथूनच जात असल्याने लक्षण भलत्याच दारात दिसते.

माझ्या स्वतःच्या गाडीत असेच घडले होते. मागच्या उजव्या काचेसाठी एका गॅरेजने आधी मोटर, मग रेग्युलेटर बदलला, दोन्हींचे पैसे घेतले, आणि काच तशीच राहिली. शेवटी ड्रायव्हरच्या दाराजवळची नळी सरकवून पाहिली, तेव्हा आत एक हिरवट पडलेली तुटकी तार निघाली. पॉवर विंडोच्या कामात तपासणी आधी आणि सुटा भाग नंतर, हा क्रम मी तेव्हापासून कधी मोडलेला नाही.

दुरुस्ती करताना तुटक्या टोकांना नुसते पीळ देऊन टेप गुंडाळू नये. त्याच जाडीच्या लवचीक तारेचा तुकडा मधे घालावा, डाग द्यावा (सोल्डर करावे), उष्णतेने आवळणारी नळी चढवावी आणि सांधा वाकणाऱ्या भागाच्या बाहेर, दाराच्या किंवा खांबाच्या आत येईल असा ठेवावा. नळीतल्या शेजारच्या तारांनाही हलकेच ओढून पाहावे. एक तुटली असेल, तर दुसरी वाटेवर असते.

१०. पावसात ड्रायव्हरची काच उघडी राहिली आणि बटणांवर पाणी पडले. आता काच आपोआप खाली जाते.

बॅटरीची ऋण तार सोडवून स्विचचा पॅनेल काढावा आणि वाळवावा. उन्हात किंवा पंख्यासमोर एक दिवस पुरतो. हेअर ड्रायरच्या कडक हवेने प्लॅस्टिक वाकते. नंतर इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर मारावा. चहा किंवा सरबत सांडले असेल, तर नुसते वाळवून भागत नाही, कारण साखरेचा थर पुन्हा दमट हवेत वीज वाहू देतो. तिथे स्विच उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावा लागतो. उघडताना आतल्या बारीक स्प्रिंगा उडतात, म्हणून पांढऱ्या पंचावर काम करावे. संपर्क काळे पडून खड्डे पडले असतील, तर नवा स्विच घ्यावा.

११. काच पूर्ण वर जाते आणि लगेच अर्धी खाली येते. स्विच बिघडला आहे का?

बहुधा नाही. 'ऑटो अप' असलेल्या काचेत मोटरचा वेग सतत मोजला जातो, आणि काचेत हात अडकला असे वाटताच ती माघार घेते. चॅनेलमधला मळ किंवा जागेवरून सुटलेले रबर हेही तिला अडथळ्यासारखेच भासते. आधी प्रश्न ७ प्रमाणे चॅनेल साफ करावे. बॅटरी काढून पुन्हा लावल्यानंतर हे सुरू झाले असेल, तर काचेची वरची-खालची मर्यादा यंत्रणा विसरली आहे. अनेक गाड्यांत काच पूर्ण उतरवून, मग पूर्ण चढवून बटण काही सेकंद ओढून धरले की ती पुन्हा शिकते. नेमकी कृती पुस्तिकेत पाहावी. ही संरक्षक सोय कायमची बंद करून द्या, अशी मागणी कधी कधी होते. मी ते करत नाही, कारण ती मुलांच्या हातांसाठी आणि मानेसाठी आहे.

१२. ताम्हिणी घाटात पावसात काच उघडीच अडकली. तिथल्या तिथे काय करावे?

गाडी सुरक्षित जागी उभी करून इंजिन चालू ठेवावे. एकाने बटण 'वर' दाबून धरावे आणि दुसऱ्याने काच दोन्ही तळहातांत धरून वर ओढावी. जमले नाही, तर बटण दाबलेले ठेवून दार दोन-तीनदा जोरात लावावे. झिजलेले ब्रश किंवा तुटकी तार तेवढ्यापुरती टेकते. काच वर गेली की घरी पोहोचेपर्यंत ती उतरवू नये. फ्यूजपेटीत त्याच अँपिअरचा, तातडीने न लागणारा दुसरा फ्यूज असेल, तर तो बसवून पाहावा.

काच दारात पडली असेल, तर ती ओढून वर घ्यावी आणि काच व रबर यांच्या फटीत घडी घातलेला पुठ्ठा घट्ट बसवावा. मोटरच मेली असेल, तर काच हाताने वर येणार नाही (कारण प्रश्न १ मध्ये आहे), मग जाड प्लॅस्टिक आतून-बाहेरून घेऊन त्याची वरची कड दार लावताना चौकटीत दाबून धरावी.

१३. सुटे भाग नाना पेठेतून घ्यावेत, जुन्या बाजारातून की कंपनीकडून?

रेग्युलेटर आणि साधी मोटर नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत चांगली मिळते. जाताना जुना भाग सोबत न्यावा आणि दार डावे की उजवे, पिनांची संख्या, गाडीचे उत्पादन वर्ष या तीन गोष्टी जुळवाव्यात. मेन स्विच आणि इलेक्ट्रॉनिक मोटर शक्यतो कंपनीचीच घ्यावी. जुन्या बाजारात काच किंवा लोखंडी रूळ घेण्यास हरकत नाही. वापरलेली केबल आणि वापरलेला स्विच मात्र घेऊ नये. काम कोणाकडेही केले, तरी काढलेला जुना भाग परत मागावा.

१४. हा खर्च विम्यातून मिळतो का?

झिजेमुळे किंवा आपोआप झालेला यांत्रिक व विद्युत बिघाड नेहमीच्या मोटार विम्यात बसत नाही. अपघात, चोरीचा प्रयत्न किंवा पूर यामुळे झालेले नुकसान सर्वसमावेशक विम्यात बसते. त्यातही काचेवर घसारा (भाग जुना झाल्याबद्दलची कपात) कापला जात नाही, पण रबर, नायलॉन आणि प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के कापला जातो. 'शून्य घसारा' जोडणी घेतली असेल, तर गोष्ट वेगळी. दावा केला की नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो, आणि तो २० ते ५० टक्के असू शकतो, म्हणून एका रेग्युलेटरसाठी दावा करण्यापूर्वी दोन्ही रकमा कागदावर मांडून पाहाव्यात.

१५. गाडी पुराच्या पाण्यात उभी होती. काचा चालतात, मग दार उघडण्याची गरज आहे का?

आहे, आणि ते लवकर करावे. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्याच्या विसर्गानंतर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले, तेव्हा कितीतरी गाड्या अशाच पाण्यात राहिल्या. पाणी सीटपर्यंत चढले असेल, तर दाराची मोटर बुडालेली असते आणि गाळ पोकळीत बसलेला असतो. काचा लगेच चालल्या, तरी गंज आणि हिरवट क्षार पुढे हळूहळू वाढत जातात.

अशा गाडीत आधी इग्निशन फिरवू नये, बॅटरीची ऋण तार काढावी आणि विमा कंपनीला कळवून छायाचित्रे काढून ठेवावीत. सर्वेक्षणानंतर चारही पॅड काढून दारे स्वच्छ पाण्याने धुवावीत, कपलर उघडून कॉन्टॅक्ट क्लीनर मारावा आणि सर्व वाळल्यावरच वीज द्यावी. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्याची लहान छिद्रे असतात; ती गाळाने, पानांनी किंवा पूर्वी मारलेल्या गंजरोधक लेपाने बुजलेली असतात. बांबूची बारीक काडी आत फिरवून ती मोकळी करावीत आणि वरून तांब्याभर पाणी ओतून पाहावे : ते काही क्षणांत खालून धारेने बाहेर आले, तरच दार मोकळे झाले.